तोफेचं तोंड

प्रिय गूनर,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना मलाच राग आला. लंडनमधल्या एका गूनरने, म्हणजे आपल्यासारख्याच आर्सनल फुटबॉल क्लबच्या चाहत्याने, तुला 'प्लास्टिक' म्हटलं, म्हणजे नकली चाहता. मैदानाची पायरी न चढलेल्यांनी 'आपण जिंकलो' म्हणू नये, असंही वर ऐकवलं. त्याला काय उत्तर द्यावं, असा तुझा प्रश्न. माझं ऐकशील तर काही देऊ नकोस. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्याबद्दलच लिहायला बसलोय.

तो आर्सनलचा आहे, कारण बहुधा त्याचा बाप होता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. जगातले सगळे क्लब समोर असताना एकावर बोट ठेवलं ते तू आणि मी. आपण स्वतः निवडलं, म्हणून माहिती करून घेणं आपल्या गळ्यात पडतं. त्याने काही वाचलं नाही तरी चालतं. आपलं नाही चालत. हे मला कसं कळलं ते सांगतो, जरा लाजिरवाणं आहे.

२६ मे १९८९चा सामना तुला तोंडपाठ असेल. मोसमातला शेवटचा सामना, ॲनफिल्डवर, लिव्हरपूलशी. नुसतं जिंकून भागणार नव्हतं, दोन गोलांनी जिंकायला हवं होतं. ५२व्या मिनिटाला ॲलन स्मिथचा हेडर. मग नुसतं घड्याळ. नव्वद मिनिटं उलटून गेल्यावर मायकेल थॉमस एकटाच पुढे सरकतो आणि चेंडू जाळ्यात. दोन्ही संघांचे गुण ७६, गोलफरकही सारखाच, फक्त आपले गोल ७३ आणि त्यांचे ६५. अठरा वर्षांनी लीग जिंकलो. मला हे दोन दिवसांनी वर्तमानपत्रातल्या चार ओळींतून कळलं होतं, पण सांगताना मी असा सांगायचो, जणू गोलपोस्टमागे उभा होतो. आवाज काढून, हात उडवून, थॉमसची ती कोलांटी उडीसुद्धा करून दाखवून. वर्षानुवर्षं.

एकदा असाच रंगात आलो असताना समोर लिव्हरपूलचे एक वयस्कर चाहते बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "फुलांचं काय झालं होतं, ठाऊक आहे?" मला नव्हतं.

तो सामना खरं तर एप्रिलमध्ये व्हायचा होता. १५ एप्रिलला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफए कपचा उपांत्य सामना होता. तिथे लिव्हरपूलचे चाहते चेंगरले गेले. त्यात गेलेल्यांची संख्या आज ९७ मानली जाते. दोष चाहत्यांच्याच माथी मारला गेला. तो त्यांचा नव्हता, हे ज्युरीने सांगायला २०१६ साल उजाडावं लागलं. आपला सामना पुढे ढकलला गेला तो यामुळे. त्या रात्री आर्सनलचे खेळाडू मैदानात उतरले ते हातात फुलांचे गुच्छ घेऊन, आणि चारही बाजूंना जाऊन ते त्यांनी प्रेक्षकांना दिले. ज्यांच्या घरात नुकतंच कुणी गेलं होतं अशा लोकांसमोर आपण लीग जिंकलो. तरी सामना संपल्यावर कॉप या लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या स्टँडवरचे कित्येक लोक थांबले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी कोलांटी उडी मारायचो ती या सगळ्यावरून. त्यानंतर हा किस्सा मी रंगवून कधी सांगितला नाही. सांगतो, पण फुलांपासून सुरुवात करतो.

हे लिहितोय कारण तुझ्या पत्रात तीन ठिकाणी 'वारसा' हा शब्द आलाय आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ करंडक असा आहे. २००३-०४चा अपराजित मोसम, २६ विजय, १२ बरोबरी, शून्य हार, हे बरोबरच आहे. मीही मिरवतो. पण करंडक कपाटात असतात आणि आकडे कुणीही पाठ करतं. त्या लंडनकराला तुझं पाठांतर खुपत नाही. पाठांतरापलीकडे तुला काहीच ठाऊक नसेल, अशी त्याची खात्री आहे.

तेव्हा थोडं मागे जा. १८८६ साली थेम्सच्या दक्षिणेला, वुलिचच्या दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात, रॉयल आर्सनलमध्ये काम करणाऱ्यांनी हा क्लब काढला. पहिलं नाव डायल स्क्वेअर, कारखान्यातल्याच एका भागाचं. त्या मंडळींत नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून खेळलेले काहीजण होते. त्यांच्या ओळखीने फॉरेस्टने लाल जर्सी पाठवून दिल्या. म्हणजे आपण ज्या लाल रंगावर जीव टाकतो, तो रंगही कुणीतरी दिलेला. छातीवरच्या चिन्हातली तोफ त्या गावाची, त्या कारखान्याची.

आणि १९१३ साली क्लबने वुलिच सोडलं. प्रेक्षक कमी, खिसा रिकामा, म्हणून मालक हेन्री नॉरिस याने क्लब उचलला आणि नदीपलीकडे उत्तर लंडनमध्ये हायबरीला नेऊन ठेवला. आता वुलिचच्या माणसाचा विचार कर. काल-परवापर्यंत कामावरून सुटलं की तो चालत सामन्याला जायचा. एका मोसमात तो दूरचा चाहता झाला. त्याला कुणी 'प्लास्टिक' म्हटलं असेल का? तो क्लब त्याचा राहिला की हायबरीकरांचा झाला? तुझ्या त्या लंडनकराला विचारायचंच असेल तर हे विचार. पण जिंकायला म्हणून विचारू नकोस, त्यालाही उत्तर सोपं जाणार नाही.

उत्तर लंडनच्याच टॉटनम क्लबशी वैर आहे तेही यातूनच. ते तिथे आधीपासून होते, आपण त्यांच्या शेजारी येऊन बसलो. १९१९ साली पहिल्या विभागात जागा वाढल्या तेव्हा मतदानाने आपण वर गेलो आणि ते खाली गेले. हे शेजाऱ्यांचं भांडण आहे, बांधावरून होतं तसं. त्यात तू इतक्या लांबून शिव्या देत उडी घ्यावीस असं मला वाटत नाही. सामना जिंकावा, चिडवावं, पण ज्या रस्त्यावर कधी पाऊल टाकलं नाही तिथला द्वेष उसना आणू नये. हे माझं मत. आपल्यातल्या पुष्कळांना ते बुळचट वाटतं.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, 'आम्ही जगभर कोट्यवधी आहोत, म्हणून क्लब आज एवढा मोठा आहे.' वाक्य खरं असेल. पण सांभाळून वापर. हेच वाक्य मालक लोकही वापरतात.

२००८ साली प्रीमियर लीगने एक कल्पना मांडली होती. प्रत्येक संघाने एक जादा सामना परदेशात खेळायचा, ३८च्या वर एकोणचाळिसावा. बारगळली ती. २०१२ साली कार्डिफ सिटीच्या मालकाने संघाची निळी जर्सी लाल केली. ज्या संघाचं टोपणनावच निळ्या पक्ष्यावरून पडलेलं, त्याची. कारण काय, तर परदेशी बाजारपेठेत लाल चालतो. लोक भांडले, २०१५च्या जानेवारीत निळा परत आला. आणि १८ एप्रिल २०२१ला युरोपातल्या बड्या क्लबांनी स्वतःपुरत्या काढलेल्या सुपर लीगची घोषणा झाली, तेव्हा बारा क्लबांच्या यादीत आपलं नाव होतं. स्थानिक जुन्या चाहत्यांना त्या योजनेमागची काही मंडळी 'वारसा चाहते' म्हणतात आणि लक्ष मात्र 'भविष्यातल्या चाहत्यांवर' ठेवतात, असं त्या दिवसांत छापून आलं होतं. ते वाचताना मला थंड घाम फुटला. कारण ते भविष्यातले चाहते म्हणजे तू आणि मी. पिढ्यान्‌पिढ्या त्याच रस्त्याने मैदानावर जाणाऱ्याला बाजूला सारायचं, आणि ते आपल्या नावावर. दोन दिवसांत इंग्लंडमधले लोक रस्त्यावर उतरले आणि २० तारखेच्या रात्री आर्सनलने चूक कबूल करून माफी मागितली.

१९१३ साली गर्दी हायबरीला होती म्हणून क्लब तिकडे गेला. आज ती गर्दी तू आहेस.

म्हणून लांबच्या माणसाने एवढं तरी करावं. आपल्या नावाने काही मागितलं जात असेल तर 'मला नको' असं मोठ्याने म्हणावं. सामन्याची वेळ आपल्या सोयीसाठी बदलायची आणि तिथल्या माणसाची परतीची शेवटची गाडी चुकवायची, असं होणार असेल तर आपण रात्र जागावी. मी जागतोच. तुझं वय तर जागायचंच आहे.

पण प्रत्येक बदलावर गळाही काढू नकोस. हर्बर्ट चॅपमन १९२५ साली मॅनेजर म्हणून आला. त्याने पाठपुरावा केला आणि १९३२ साली जिलेस्पी रोड हे भुयारी स्टेशन 'आर्सनल' झालं. त्याच्याच काळात, १९३३ साली, लाल जर्सीला पांढऱ्या बाह्या आल्या. आज त्या बाह्यांना हात लावला तर दंगल होईल. चॅपमननेही कुणाला विचारलं नव्हतं. मग कार्डिफच्या मालकात आणि त्याच्यात फरक काय? मला तो पुरता सांगता येत नाही. एवढं दिसतं की बाह्या पांढऱ्या झाल्या म्हणून खालचा लाल पुसला गेला नाही.

एक तक्रारही आहे. तुझ्या चार पानी पत्रात महिला संघाचं नावसुद्धा नाही. तो संघ १९८७ साली उभा केला व्हिक एकर्स याने. पुढे हाच माणूस पुरुष संघाच्या जर्सी-बुटांचं बघायचा आणि महिला संघाचा मॅनेजरही होता. युरोपचा मुख्य करंडक आर्सनलला पहिल्यांदा २००७ साली मिळाला तो त्यांच्यामुळे, आणि २०२५ साली लिस्बनमध्ये बार्सिलोनाला १-० हरवून दुसऱ्यांदा. पुरुष संघाकडे तेव्हाही तो नव्हता. करंडकच मोजायचे तर नीट मोज.

आणखी एक. तुझ्या घरापासून चालत जाता येईल अशा कुठल्याही मैदानावर जा आणि रेषेपाशी उभं राहून एखादा फालतू सामना पूर्ण बघ. पडद्यावर चेंडूचा आवाज येत नाही. गोलकीपर सगळा वेळ ओरडत असतो हे कळत नाही. पावसात भिजून शून्य-शून्य बघितल्यावर कपडे पिळत परत येताना तुला तो लंडनकर थोडा समजेल. मी पन्नाशीत गेलो पहिल्यांदा. उशीरच केला.

हायबरीचं मैदान आता नाही. ७ मे २००६ला तिथे शेवटचा सामना झाला, विगनविरुद्ध, ४-२. थिएरी ऑन्रीने तिसरा गोल केला आणि गुडघ्यांवर वाकून गवताचं चुंबन घेतलं. त्या जागी आता घरं आहेत. पूर्वेच्या स्टँडची दर्शनी बाजू राखलीय. त्या मोसमात संघाने नेहमीचा लाल सोडून गडद लाल जर्सी घातली होती, १९१३च्या आठवणीची. कधी गेलास-गेलीस तर आधी नव्या मैदानावर धावू नकोस. त्या जुन्या भिंतीसमोर पाच मिनिटं उभं राहा. जमलं तर वुलिचलाही जाऊन ये, तिथे सहसा कुणी जात नाही.

पत्रासोबत एक बिल्ला पाठवतोय. माझ्या तरुणपणातला आहे, पिन थोडी वाकलीय, जपून लाव. तोफेचं तोंड डावीकडे आहे. २००२ साली क्लबने चिन्ह बदललं, जुन्यावर मालकी हक्क पक्का करता येत नव्हता म्हणून, आणि तेव्हा तोफ उजवीकडे वळली. तुझ्या जर्सीवरची तशी आहे. नकली समजून परत पाठवू नकोस.

तुझा,
एक जुना गूनर