आठवड्याची गोळी आठवड्यालाच

प्रश्न : आईला (वय 62) आमवातासाठी दर रविवारी मेथोट्रेक्सेट 15 मि.ग्रॅ. आणि दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड 5 मि.ग्रॅ. चालू आहे. परवाच्या रविवारची गोळी राहिली. पुढच्या वेळी दुप्पट द्यायची का? आणि सांधे फार दुखतात, तर रोज थोडी थोडी दिली तर? – एक वाचक, सांगली

उत्तर : रोज? अजिबात नाही. आमवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज पोटात गेलं तर पेशींना सावरायला उसंत मिळत नाही. आधी तोंड येतं, मग पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात, यात माणूस दगावूही शकतो. चुकून रोज घेतली गेली असेल तर त्रास होण्याची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा, ल्युकोव्होरिन हा उतारा जितक्या लवकर मिळेल तितका बरा.

चूक बहुतेकदा नजरेची असते. मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड, दोन्ही गोळ्या लहान, पुष्कळदा पिवळ्याच. मेथोट्रेक्सेट वेगळ्या डबीत ठेवा, वर ‘फक्त रविवार’ लिहा आणि गोळी दिली की कॅलेंडरवर खूण करा. दर वेळी पाकिटावरचे मि.ग्रॅ. वाचा. 2.5 च्या सहा गोळ्यांची सवय असेल आणि दुकानदाराने 7.5 ची पट्टी दिली, तर त्याच सहा गोळ्यांचे 45 मि.ग्रॅ. होतात!

राहिलेली गोळी दोन दिवसांच्या आत आठवली तर द्या, त्यानंतर ती सोडून पुढचा रविवार धरा. दुप्पट नको. गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात. तोवरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनाच विचारा, वेदनाशामक परस्पर आणू नका.

औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं की ते अंगात साचतं. अशा वेळी, तसंच ताप, तोंडात फोड, नवा कोरडा खोकला किंवा धाप लागली तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा. लघवीच्या संसर्गावर कोणी को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक लिहून दिलं, तर आधी या गोळीचं नाव सांगा, कारण ही जोडी घातक आहे. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) सुरुवातीला 2 ते 4 आठवड्यांनी, पुढे 8 ते 12 आठवड्यांनी तपासतात. बरं वाटतंय म्हणून तपासणी टाळू नका, पेशी घसरलेल्या कळायला रक्तच तपासावं लागतं.

प्रश्न : मुलीला सोरायसिससाठी हीच गोळी आहे. बाळाचा विचार आहे. – एक वाचक, ठाणे

उत्तर : गर्भाला ती अपायकारक आहे. बाळासाठी प्रयत्न सुरू करण्याआधी साधारण तीन महिने ती थांबवायला सांगतात, तोवर गर्भनिरोधक हवंच. बदली औषध त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील. पाळी चुकली असेल तर आजच दाखवा.