घरी पीसीपी एअरगन (टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर छर्रा सोडणारी बंदूक) भरायला भाड्याचा नायट्रोजन सिलिंडर चालतो का?

चालतो, आणि हातपंपाने घाम गाळण्यापेक्षा कितीतरी बरा. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यामुळे छर्‍याच्या वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. उलट हा गॅस कोरडा असल्यामुळे गनच्या टाकीत ओलावा जाऊन आतून गंज धरत नाही.

खरी मेख दाबात आहे. गॅस फक्त जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो. गन २०० बारची (बार म्हणजे दाबाचं एकक) आणि सिलिंडरही २०० बारचाच आणलात, तर पहिल्या भरणीपासूनच गनच्या दाबमापकाचा काटा थोडा अलीकडे थांबणार. म्हणून भाड्याने घेताना ३०० बार किंवा त्याहून जास्त दाबाचा मागा. पण मग त्या दाबाचा रेग्युलेटर हवाच आणि होज, फिटिंगही त्याच दाबाची हवीत. वेल्डिंगवाल्याकडचा जुना रेग्युलेटर जोडायचा जुगाड करू नका.

व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा. घाईत भरलं की टाकी गरम होते, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली येतो. काढण्याआधी होजमधला दाब ब्लीड स्क्रूने सोडा, नाहीतर होज चाबकासारखा उसळतो.

सिलिंडर उभा, साखळीने भिंतीला बांधलेला हवा. खोली बंद नको. नायट्रोजनला वास नसतो, गळती झाली तर गुदमरेपर्यंत कळत नाही.

आणि ऑक्सिजन? चुकूनही नाही. आतल्या तेल-ग्रीसशी गाठ पडली की स्फोट होतो. सिलिंडरवरचं लेबल दरवेळी वाचा.