अपारंपरिक, नवीकरणीय की अक्षय्य?

पाचवीतल्या मुलीचा अभ्यास घेणाऱ्या एका पालकांनी विचारलं आहे: ऊर्जास्रोतांसाठी वापरले जाणारे 'नवीकरणीय' आणि 'अपारंपरिक' हे शब्द एकच का? आणि मुलांना कोणता शब्द सांगावा?

एकच नाहीत, आणि ही गल्लत मुलांच्या डोक्यात बसण्याआधीच काढायला हवी. एखादी गोष्ट आपण किती काळापासून वापरतो आहोत, एवढंच 'पारंपरिक' हा शब्द सांगतो. तिचा साठा पुन्हा भरतो का, याबद्दल तो काहीच बोलत नाही; ते 'नवीकरणीय' हा शब्द सांगतो. चुलीतलं सरपण सगळ्यात जुनं, पण झाड पुन्हा वाढतं. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५चं, तरी त्याला लागणारं पाणी दर पावसाळ्यात नव्यानं येतं. उलट अणुऊर्जा अनेक पुस्तकांत 'अपारंपरिक' म्हणून येते, पण तिला लागणारं युरेनियम खाणीतून एकदा काढलं की तिथे परत तयार होत नाही.

'अक्षय्य' हा शब्द मला फार आवडतो. संस्कृतात 'क्षय्य' म्हणजे ज्याचा क्षय होऊ शकतो ते. म्हणून जे संपवताच येत नाही ते अक्षय्य. ऊन आणि वारा यांना तो चपखल बसतो. आपण कितीही पवनचक्क्या उभारल्या तरी उद्याचा वारा त्यामुळे आटत नाही. पण जंगल, मासे, भूजल यांना अक्षय्य म्हणू नये. विहिरीचंच बघा: पावसाळ्यात पाणी मुरतं, पाझर फुटतात, पातळी वर येते. उपसा त्याहून जास्त झाला की तीच विहीर जानेवारीतच तळ दाखवते. ती नवीकरणीय आहे, अक्षय्य नाही.

राहिला कोळसा. चंद्रपूरचा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या वनस्पतींपासून बनला आहे. तो निसर्गात बनतो हे खरं, पण त्याला लागणारा काळ माणसाच्या हिशेबात बसत नाही, म्हणून तो अनवीकरणीय.

'नवीकरणीय'ऐवजी 'नूतनीकरणक्षम' म्हटलं तरी बरोबरच आहे. फक्त मुलांना नूतनीकरण म्हटलं की दुकानाचं किंवा पासाचं आठवतं, म्हणजे कुणीतरी ते करायला लागतं असं वाटतं. त्यामुळे आधी 'पुन्हा भरून येणारी' आणि 'एकदा वापरली की संपणारी' असं साध्या मराठीत सांगा. परीक्षेसाठी 'नवीकरणीय' नंतर येऊ द्या. लिहिताना मात्र 'वी' दीर्घच हवी, 'नविकरणीय' चूक.