'तुझ्या बापाचं थेटर आहे का?'

समुपदेशनासाठी महिन्यातून एखादा फोन असा येतोच. मुलगा पदवीधर आहे, मल्टिप्लेक्सच्या दारात तिकिटं बघतो, घरी आला की बोलत नाही, रात्र रात्र जागा असतो. डिप्रेशन असेल का, मॅडम? त्यामागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला: ही नोकरी सोडायला तुम्ही समजावाल का त्याला?

या दुसऱ्या प्रश्नाला मी पूर्वी फार पटकन 'हो' म्हणायचे. ती सवय एका मुलाने मोडली. त्याच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा पुसून सांगते.

एप्रिलमधली जळगावची दुपार. आईने रुमालाने मान पुसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मना पोऱ्या घरमा बोलसच नही, मॅडम. मुंडी खाले घालीसन जेवस नि उठी जास." आई अमळनेरकडची, म्हणून अहिराणी. मुलगा चोवीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला. शहरात दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहायचा आणि आठवड्यातून एकदा गावी जायचा. आईला आधी व्यसनाची शंका आली, मग एखाद्या मुलीची. दोन्ही नाही निघालं तेव्हा ती जास्तच घाबरली.

पहिल्या भेटीत मी चूक केली. त्याला म्हटलं, "ही काही कायमची नोकरी नाही ना, तात्पुरती आहे." तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला. "मॅडम, चौदा महिने झाले. तात्पुरतं किती दिवसांचं असतं?" मी गप्प बसले. त्याच्या आईने जे रोज ऐकवलं होतं, तेच मी फी घेऊन ऐकवत होते.

मग नीट विचारपूस केली. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ टिकलं, सोबत झोप-भूक बिघडली, जगणं नको वाटू लागलं, तर मी स्वतःवर विसंबत नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. (रात्री-अपरात्री असं काही मनात आलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.) जीव देण्याचे विचार येतात का, हेही मी सरळ शब्दांत विचारते. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. त्याने 'नाही' म्हटलं. मला मात्र त्याच्या आठवड्यातून जास्त कळलं. त्याची सुट्टी मंगळवारी. थेटरवाल्यांना शनिवार-रविवार सुट्टी कुठली! मंगळवारी तो दुपारपर्यंत गाढ झोपायचा, संध्याकाळी क्रिकेट खेळायचा, शेवभाजीवर ताव मारायचा. आणि गुरुवारी संध्याकाळी पोटात गोळा. शुक्रवारी नवा पिक्चर लागतो. डिप्रेशन असं वार बघून येत-जात नाही.

"दारात नेमकं काय होतं, ते सांग," असं म्हटल्यावर दोन भेटी त्यातच गेल्या. तिकीट स्कॅन करायचं, बॅग बघायची, कितव्या ऑडीत जायचं ते सांगायचं. एका शोला दोनशे माणसं. त्यातली बरीचशी मोबाईल पुढे करतात आणि बघतात दुसरीकडेच. "मला बघत नाहीत, मशीनला बघतात," तो म्हणाला. बघतात ती भांडणापुरती. भांडणं मुख्यतः दोन: बाहेरचं खाणं आणि ए सर्टिफिकेट.

एका रविवारी रात्रीच्या शोला एक कुटुंब आलं, सोबत नऊ-दहा वर्षांची दोन पोरं. पिक्चर ए सर्टिफिकेटचा. तिकिटं ऑनलाइन काढलेली, पॉपकॉर्न हातात. याने अडवलं. आईबाप सोबत असले तरी अठराच्या आतल्याला सोडता येत नाही, हा नियम काही त्याने केलेला नव्हता. बाप ओरडला, "तुझ्या बापाचं थेटर आहे का रे?"

हे वाक्य दारावरची सगळीच माणसं रोज ऐकतात. याच्या बाबतीत गोष्ट वेगळी होती. त्याचा बाप खरंच थेटरात होता. तालुक्याच्या गावातल्या टॉकीजवर पंचवीस वर्षं डोअरकीपर. मार्च २०२० मध्ये करोनात सगळी थेटरं बंद झाली. दुसऱ्या लाटेनंतर २२ ऑक्टोबर २०२१ ला राज्यातली थेटरं परत उघडली, तेव्हा त्या टॉकीजचं शटर खालीच राहिलं. लहानपणी हा बापाबरोबर बाजारात निघाला की लोक थांबवून विचारत, "काय, हाउसफुल का आज?" बाल्कनीतल्या एका सीटसाठी मोठमोठी माणसं त्याच्या बापाला गळ घालत. तेच काम मुलगा करत होता, पण तो मान त्याच्या वाट्याला आला नव्हता. त्या रात्री त्याने हसून "सॉरी सर" म्हटलं आणि खोलीवर जाऊन पहाटे चारपर्यंत मोबाईल बघत बसला.

हे हसून 'सॉरी सर' म्हणणं हेच अर्धं काम असतं, आणि पगाराच्या चिठ्ठीत ते कुठेच नसतं. आर्ली हॉक्शिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये हवाईसुंदरींच्या कामावर लिहिताना याला भावनिक श्रम म्हटलं. आत एक आणि चेहऱ्यावर दुसरं, असं आठ-नऊ तास धरून ठेवायचं. पाय दुखतात तसंच हेही दुखतं.

मी वडिलांना बोलवायला सांगितलं. आईला वाटलं, बाप आता चांगला दम भरणार. वडील आले, टोपी मांडीवर ठेवून बसले, आणि पोराने कधीच न ऐकलेल्या गोष्टी सांगू लागले. पहिल्या दिवशीच्या पहिल्या शोला त्यांची कॉलर दोनदा फाटली होती. एकदा लोअर स्टॉलच्या दाराशी थोबाडीतही बसली होती. पोरगा म्हणाला, "घरी कधी बोलले नाहीत." "घरी काय सांगायचं?" एवढंच ते म्हणाले.

मी विचारलं, "मग झोप कशी लागायची तुम्हाला?" त्यांना प्रश्न विचित्र वाटला. थोडा विचार करून म्हणाले, "शेवटचा शो सुटला का बॅटरी घेऊन मी सगळ्या रांगा बघायचो. कोणी झोपलंय का, काही राहिलंय का. चप्पल, डबा, छत्री, काय काय सापडायचं. मग दारं लावायची, मॅनेजरला किल्ल्या द्यायच्या नि सायकल काढायची." हे सांगताना त्यांचा हात बॅटरी धरल्यासारखा डावीकडून उजवीकडे फिरत होता.

पोराच्या नोकरीला असा शेवटच नव्हता. स्कॅनर चार्जिंगला लावला की तो थेट अंथरुणात, आणि डोक्यात दारात ओरडलेल्या त्या माणसाचा आवाज.

म्हणून आम्ही पुस्तकी असं काही केलं नाही. त्याने सुपरवायझरला सांगून शेवटच्या शोनंतर ऑडीतून फेरी मारायचं काम मागून घेतलं. खरं तर ते हाउसकीपिंगचं. ते आनंदाने देऊन मोकळे झाले! रात्री नऊनंतरचे तीन चहा बंद केले. चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही एकच ठेवली, यावर तो सर्वांत जास्त कुरकुरला. आणि नियम नीट समजून घेतले. बाहेरचं खाणं अडवायचा हक्क थेटरवाल्यांना आहे, पण पिण्याचं पाणी फुकट द्यावं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटलेलं आहे. हे कळल्यावर दुधाच्या बाटल्यांवरून होणारी भांडणं त्याने स्वतःच संपवली. ए सर्टिफिकेटची पाटी तिकीट खिडकीशीच मोठ्या अक्षरांत लावून घ्यायला मात्र दोन महिने लागले. वरून मंजुरी यायची होती म्हणे.

शिव्या थांबल्या नाहीत. झोप दोन-अडीचपर्यंत येऊ लागली, कधी येत नाही. भेटी सहा झाल्या.

दिवाळीनंतर आईचा फोन आला. वडील पहिल्यांदाच मल्टिप्लेक्सला जाऊन आले होते. दारात एक माणूस पोराशी हुज्जत घालत होता. वडील मध्ये पडले नाहीत, बाजूला उभे राहून बघत राहिले. घरी येऊन बायकोला म्हणाले, "पोऱ्या बरा बोलस." जेवताना पुन्हा एकदा म्हणाले.

"ते बरं झालं, मॅडम," आई म्हणाली, "पण तलाठ्याच्या परीक्षेचं तुम्हीच एकदा सांगा ना त्याला."