वाचक विचारतात: गुडघे दुखणारे बाबा, चालणारी आई आणि लेस्टरची सोअर नदी

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, आई-बाबा साताऱ्याहून दीड महिन्यासाठी येतायत. मागच्या खेपेला बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानांतच सगळे शनिवार गेले. बाबांचे गुडघे कामातून गेलेत आणि आईला रोज तासभर चालल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे दोघांना एकत्र कुठे न्यावं तेच कळत नाही. ऑफिसमधला एकजण म्हणतो नॅरोबोट (कालव्यांतून फिरणारी लांबट, अरुंद बोट) भाड्याने घे, पण मला बोट चालवता येत नाही. काय करू?

उत्तर: अहो घ्या की. तुमच्या घरासाठीच केल्यासारखं वाहन आहे ते. नॅरोबोट पळते किती, तर ताशी तीन-चार मैल, म्हणजे माणूस चालतो तेवढीच. बाबांना पुढे खुर्चीत बसवा, आई काठच्या वाटेने बरोबरीने चालेल (टोपाथ म्हणतात तिला, पूर्वी घोडे याच वाटेवरून बोटी ओढत न्यायचे), आणि दमली की पुढच्या लॉकला (बोट वरच्या-खालच्या पाण्यात नेणारी, दोन्हीकडे दरवाजे असलेली कोठी) बोटीत येईल. आमच्याकडे सासूबाई पूर्ण वेळ काठावरून चालल्या आणि बोटीतल्यांशी गप्पाही मारल्या, मध्ये मध्ये आम्हालाच "चला लवकर" म्हणत होत्या.

चालवायला लायसन्स लागत नाही, दिवसभराची बोट भाड्याने घेतली की तेच लोक शिकवून पाठवतात. गंमत सुकाणूची आहे, मागे उभं राहून दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते, आणि तीही लगेच नाही, दोन-चार सेकंद विचार करून. माझी पहिली दहा मिनिटं लव्हाळ्यातच गेली. धीर नसेल तर सरळ गाइडवाल्या बोटीची तिकिटं काढा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त बोटीत चढताना एक पाऊल उंच टाकावं लागतं आणि केबिनमध्ये दोन-तीन पायऱ्या उतरायच्या असतात, तर बाबांबद्दल बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा.

आता लॉक. सोअरवर लेस्टरच्या आसपास लाइमकिल्न, बेलग्रेव्ह, बर्स्टल अशी लॉक्स एकामागून एक येतात. बोट आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, लोखंडी चावीने झडपा उघडायच्या की पाणी हळूहळू चढतं किंवा उतरतं आणि त्याबरोबर तुम्ही. दरवाज्याला आडवा लाकडी वासा असतो, त्याला पाठ टेकवून पाय रोवून रेटायचं, हाताने हलत नाही तो. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत आल्याशिवाय कितीही जोर लावा, इंचभर सरकणार नाही. एका लॉकला पंधरा-वीस मिनिटं धरा. चावी मनगटाला दोरीने बांधा, आमची एक पाण्यात गेली आणि डिपॉझिटमधून कापली.

बर्स्टलच्या पुढे वॉटरमीड पार्क, जुन्या रेतीच्या खाणींची आता तळी झालीयत, पक्षी भरपूर, आईला तिथे चालायला सोडा. शहराकडे आलात तर स्पेस सेंटर या अंतराळ संग्रहालयाचा 42 मीटर उंच पारदर्शक टॉवर काठावर दिसतो, त्यात खरी रॉकेटं उभी आहेत, बाबा खूश होतील. मग अ‍ॅबी पार्क. 1882 साली उघडलेली बाग, नदी मधूनच जाते. पलीकडच्या अंगाला बाराव्या शतकातल्या मठाचे नुसते पाये उरलेत, गुडघाभर भिंती. कार्डिनल वूल्झी, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा एकेकाळचा उजवा हात, त्याला अटक करून यॉर्कशायरमधून लंडनला नेत होते, वाटेत आजारी पडून 1530 मध्ये तो इथेच वारला. आता पोरं त्याच भिंतींवरून उड्या मारतात.

आणि बाबांना इतिहास आवडत असेल तर ही गोष्ट बोटीतच सांगा. 1485 च्या बॉसवर्थच्या लढाईत मारल्या गेलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाची हाडं नंतर उकरून याच सोअरमध्ये फेकली असं लोक शेकडो वर्षं सांगत होते. 2012 मध्ये त्याचा सांगाडा सापडला कुठे, तर शहरातल्या एका कार पार्कखाली!

एकच सांगते, आदल्या दिवशी धो धो पाऊस झाला असेल तर आधी फोन करा. हा कालवा नाही, नदी आहे, पाणी चढलं की ओढ वाढते. लॉकपाशी हिरवी-पिवळी-लाल खूण असते, पाणी लालला पोचलं की बोट हलवायची नाही, पैसे भरलेले असले तरी. लाइफ जॅकेट मागून घ्या, बाबा नाही म्हणाले तरी घालाच.

प्रश्न: या बोटी इतक्या अरुंद का असतात? रुंद केल्या असत्या तर आरामात बसता आलं नसतं का?

उत्तर: आलं असतं, पण मग इंग्लंडच्या निम्म्या कालव्यांत शिरता आलं नसतं. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरने खर्च आणि पाणी वाचवायला लॉक्स जेमतेम सात फूट रुंद बांधली, म्हणून बोटी सहा फूट दहा इंचांच्या, आणि लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत. आपल्या जुन्या चाळीचा व्हरांडा पाण्यावर सोडलाय असं समजा. सोअरची लॉक्स रुंद आहेत, दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात, तेव्हा शेजारच्या बोटीवाल्याने चहा विचारला तर नाही म्हणू नका.