सकाळचा निळा धूर

प्रश्न : माझी 17 वर्षे जुनी पेट्रोल मोटार सकाळी सुरू करताना निळा धूर सोडते आणि खाली तेलाचे थेंबही पडतात. इंजिन उतरवावे लागेल का? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : घाई करू नका. धूर थोड्याच वेळात थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून तेल सिलिंडरमध्ये झिरपू न देणारी रबरी सीले) कडक झालेले असतात आणि ते बदलण्यासाठी सहसा इंजिन उतरवावे लागत नाही; वेग घेतानाही धूर येत असेल, तर मात्र कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजून घ्यावे. ते कमी भरल्यास सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. वाढले तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत असे समजावे आणि तेव्हाच इंजिन उतरवण्यासाठी उद्यमनगराची, म्हणजे कोल्हापुरातल्या वर्कशॉपांच्या वस्तीची, वाट धरावी. गळती शोधताना इंजिन पुसून वरून खाली पाहत यावे, कारण टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाच्या) पॅकिंगमधून ओघळलेल्या तेलाचा दोष पुष्कळदा बिचाऱ्या चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याच्या) माथी मारला जातो.