ट्रॅकर काढता येत नाही, तर काय करावे?

प्रश्न : डेबियन या लिनक्स प्रणालीवरील गनोम डेस्कटॉपमधून फायलींची सूची बनवणारा ‘ट्रॅकर’ काढू गेलो, तर त्यासोबत जाणाऱ्या पॅकेजांच्या यादीत ‘नॉटिलस’ हे फायली हाताळणारे ॲपही दिसले, म्हणून थांबलो. अशिलांची कागदपत्रे हा ट्रॅकर वाचतो का? — एक वकील, नाशिकरोड

उत्तर : वाचतो, पण बाहेर पाठवत नाही. थांबलात हे बरे केलेत, कारण नॉटिलसचा शोध ट्रॅकरचा आधार घेतो. खरी अडचण वेगळी आहे: सूची तुमच्याच होम फोल्डरातील लपलेल्या ‘कॅश’ (तात्पुरत्या साठ्याच्या) फोल्डरात साठते, त्यामुळे कागदपत्रे कुलूपबंद फोल्डरात असली, तरी तो फोल्डर उघडा असताना वाचलेला मजकूर सूचीत राहू शकतो आणि लॅपटॉप मेनरोडला दुरुस्तीला दिलात, तर तो मजकूरही सोबत जातो. सेटिंग्जमधील ‘सर्च’मधून कागदपत्रांचा फोल्डर वगळा, जुनी सूची पुसा, संपूर्ण डिस्कच एन्क्रिप्ट (पासवर्डशिवाय वाचता न येणारी) केलीत तर उत्तम.

२०१२ च्या उबुंटू १२.१० या दुसऱ्या लिनक्स प्रणालीत मात्र डॅशमध्ये, म्हणजे शोधपटलात, टाइप केलेले शब्द खरोखरच उबुंटूच्या कंपनीच्या सर्व्हरकडे जात आणि ॲमेझॉनची उत्पादने दिसत, १६.०४ या आवृत्तीपासून ते सुरुवातीपासूनच बंद ठेवले गेले, हवे तर चालू करायचे. पुढे काही बसवताना ॲप्टला (पॅकेजे बसवणाऱ्या साधनाला) ‘शिफारस केलेली’ पॅकेजे नको असे सांगा. निम्मी अडगळ तिथूनच येते, असा माझा अनुभव आहे.